किसन मिस्त्रींची पांढरी गाडी

‘आपल्या शहरात गाडी जमिनीलगत आणणारा पहिला कलावंत म्हणजे उस्मानपुऱ्यातले आमचे गुरू, कैलासवासी किसन मिस्त्री. स्वतःच्या पांढऱ्या गाडीच्या स्प्रिंगा स्वतःच्या हाताने कापून त्यांनी ती खाली बसवली आणि कायद्याला न भिता भर रस्त्यात चालवली. त्यांच्या स्मृतीस आमचा हा मेळावा अर्पण.’

हे पत्रक मागच्या महिन्यात शहरभर वाटले गेले. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरे आणि मधोमध मिस्त्रींचा फोटो. फोटोत ते पांढऱ्या गाडीच्या दाराला टेकून उभे आहेत आणि गाडीचे मागचे चाक मडगार्डात शिरलेले दिसते. या तीन वाक्यांत खरे म्हणावे असे एवढेच आहे की किसन मिस्त्री उस्मानपुऱ्यातले होते आणि आता ते हयात नाहीत. फोटोही खरा आहे, हे मी आधीच मान्य करतो. खोट्या फोटोचे खंडन सोपे असते. खरा फोटो मात्र साक्षीदाराला पेचात पकडतो. चाळीसहून अधिक वर्षे वकिली केल्यावर एवढे मला कळते.

मिस्त्री गेल्यावर त्यांची मुलगी संगीता गॅरेज चालवते. हाताने काम करते, नुसती गल्ल्यावर बसत नाही. एका शाळेच्या अकरा व्हॅनची देखभाल तिच्याकडे आहे आणि गॅरेज उभे आहे ते त्या कामावर. पत्रक शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या हाती पडले. त्यांनी संगीताला बोलावून सरळ विचारले, ‘ज्या गॅरेजात स्प्रिंगा कापण्याची परंपरा आहे, तिथे आम्ही लेकरांच्या गाड्या कशा पाठवायच्या? लेखी उत्तर द्या.’ बाईंचे काही चुकले नाही. त्यांच्या जागी मी असतो तर व्हॅन आधी काढून घेतल्या असत्या आणि मग विचारले असते.

संगीता पत्रक घेऊन माझ्याकडे आली. पत्रक टेबलावर ठेवले. मग म्हणाली, ‘‘काका, बाबांनी आयुष्यात एक स्प्रिंग कापली नाय. आता मी हे कुनाकुनाला सांगत फिरू?’’

माझे शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, तिथेच बसले होते. ते म्हणाले, ‘‘अहो, गौरवच केलाय पोरांनी. गुरू म्हटलंय. कशाला उकरून काढता?’’ आणखी एक मत चिकलठाण्याच्या एका गॅरेजवाल्याकडून माझ्या कानावर आले: किसन मिस्त्री म्हणे आरटीओचे खबरे होते, दुसऱ्यांनी कापलेल्या गाड्यांचे नंबर ते वर कळवत. म्हणजे एकाच माणसाला निम्मे शहर कायदा मोडणारा वीर म्हणते आणि उरलेले निम्मे कायद्याचा चुगलखोर. दोघेही खोटे बोलतात. मी त्या माणसाला एकवीस वर्षे जवळून पाहिले आहे आणि ज्यांनी पाहिले नाही त्यांनी गप्प बसावे, अशी माझी अपेक्षा आहे.

आमची पहिली भेट माझ्या पराभवातून झाली. माझ्या एका मित्राची गाडी वळणावर उलटली होती. विमा कंपनीने भरपाई नाकारली. म्हणणे असे की मालकाने गाडीची स्प्रिंग कापून उंची कमी केली होती. मित्राने मला छातीवर हात ठेवून सांगितले की स्प्रिंग अपघातात तुटली. मी ग्राहक मंचात दावा लावला आणि जाणकार साक्षीदार म्हणून उस्मानपुऱ्यातल्या एका नावाजलेल्या मिस्त्रीला बोलावले. साक्षीदार काय बोलणार हे आधी न विचारता त्याला उभे करणे ही नवशिक्या वकिलाची चूक. मी ती वकिलीच्या विसाव्या वर्षी केली, कारण मैत्रीपुढे मला विचारण्याची गरज वाटली नाही.

खाकी सदरा, खांद्यावर पांढराशुभ्र पंचा, असा एक बुटका माणूस पुढे आला. मी विचारले, ‘‘ही स्प्रिंग अपघातात तुटली, बरोबर?’’

त्यांनी स्प्रिंग हातात घेतली, टोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘‘तुटली नाय, साहेब. कापली.’’

माझ्याच साक्षीदाराची उलटतपासणी करण्याची वेळ माझ्यावर आली. ‘‘तुमचे शिक्षण किती?’’

‘‘सातवी.’’

‘‘मग हे कशावरून सांगता?’’

‘‘तुटलेलं लोखंड दानेदार असतं, गुळाच्या ढेपेवानी. हे बघा, आरशावानी हाय. ग्राइंडर फिरलाय याच्यावर.’’

मंचाच्या अध्यक्षांनी स्प्रिंग मागून घेतली आणि स्वतःचा अंगठा फिरवून पाहिला. त्यानंतर युक्तिवादाला काही अर्थ उरला नाही. बाहेर आल्यावर मी मिस्त्रींना गाठले आणि जे बोलायचे ते बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ‘‘वकीलसाहेब, मी काय आपनहून आलतो का? तुमीच बोलावलं. नसतं विचारलं तर नसतो बोललो.’’

पुढच्याच आठवड्यात माझ्या गाडीचा मागचा शॉकअप गेला, तेव्हा मी ती त्यांच्याकडे नेली. जो माणूस भर मंचात मला बुडवून खरे बोलतो, तो माझ्या गाडीबद्दल खोटे बोलणार नाही, एवढा हिशेब मला जमला.

त्यांची गाडीशी वागण्याची एक रीत होती. गॅरेजात गाडी शिरली की ते मालकाकडे बघतही नसत. आधी मागच्या चाकापाशी वाकत आणि टायर व मडगार्ड यांच्यामधल्या फटीत बोटे घालत. एकावर एक चार बोटे गेली की मान हलवत आणि मग मालकाला ‘‘या, बसा’’ म्हणत. कितीही मोठा माणूस असो, त्याला नमस्कार दुसरा. कोणत्या गाडीत किती बोटे गेली पाहिजेत हे त्यांना तोंडपाठ होते. प्रत्येक गाडीच्या कंपनीने छापलेली पुस्तिका त्यांच्या कपाटात होती आणि तिच्यातली मापे त्यांनी आपल्या बोटांत उतरवून घेतली होती. माझ्या दारात येत तेव्हा बेल वाजवण्याआधी माझ्या उभ्या गाडीच्या फटीत बोटे घालून येत. माझी पत्नी म्हणे, ‘‘मिस्त्री आले वाटतं, बाहेर गाडीची नाडी बघताहेत.’’ तीच सवय पुढे मलाही लागली. आता रस्त्यात उभी कुठलीही गाडी दिसली की माझा हात खाली जातो आणि लोक संशयाने बघतात. बघोत.

त्यांना साधू ठरवण्याचा माझा हेतू नाही. दोन दिवसांत देतो म्हटलेली गाडी ते पाचव्या दिवशी देत. फोन उचलत नसत. कोणी हॉर्न वाजवत गॅरेजात शिरला तर त्याचे काम सर्वांत शेवटी घेत आणि तसे तोंडावर सांगत. पण ‘नुसता हट्टी माणूस’ हे माझ्या शेजाऱ्यांचे वर्णन मला मान्य नाही. हट्टी माणूस प्रत्येक बदलाला नाही म्हणतो. मिस्त्री तसे नव्हते. दोन्ही पाय अधू असलेल्या एका शिक्षकाची गाडी त्यांनी हाताने ब्रेक आणि क्लच चालवता येतील अशी बदलून दिली होती. पण आधी परवानगी, मग काम, मग तपासणी आणि शेवटी आरसी बुकावर नोंद, या क्रमाने. त्या नोंदीसाठी त्यांनी गॅरेज बंद ठेवून आरटीओत तीन खेपा घातल्या. ‘‘सूट हाय तिथं सूट हाय,’’ ते म्हणत, ‘‘नाय तिथं नाय.’’

आता पत्रकाच्या लेखकाकडे वळतो. त्याचे नाव रोहन. जालना रोडवर त्याचे गाड्यांच्या सजावटीचे दुकान आहे आणि गाड्या खाली बसवणाऱ्या हौशी मंडळींचा तो म्होरक्या आहे. दुकान निघण्याच्या बऱ्याच आधी तो नवी गाडी घेऊन मिस्त्रींकडे आला होता. मी तिथेच स्टुलावर बसलो होतो, म्हणून हा संवाद ऐकीव नाही.

‘‘काका, दोनच बोटं खाली घ्यायची. जास्त नाय.’’

‘‘नाय व्हनार.’’

‘‘का पन? कायद्यात कुठं लिवलंय, गाडी जमिनीपासून किती इंच पायजे? वकीलसाहेब बसलेत, विचारा त्यांना.’’

मी तोंड उघडण्याआधी मिस्त्रीच म्हणाले, ‘‘इंच लिवलेला नाय.’’

‘‘मंग?’’

‘‘म्हनूनच तर एक सूतबी हलवता येत नाय. इंच लिवला असता तर तू त्या इंचापरयंत आला असता. कायदा म्हनतो, कंपनीनं जशी दिली, आरसीवर जशी चढली, तशी ठेवा. उंची कंपनीनं ठरवली. तू कोन? मी कोन?’’

मोटार वाहन कायद्याचे कलम बावन्न याहून स्पष्ट करून सांगणारा माणूस मला न्यायालयातही भेटला नाही. कायद्याने आकडा दिलेला नाही ही पळवाट आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कलम वाचलेले नाही. आकडा नाही म्हणजे मोकळीक नाही. मूळ गाडी हेच माप आहे.

रोहनने शेवटचे अस्त्र काढले. ‘‘लई झालं तर दंड भरून टाकू, काका.’’

‘‘दंड पोलिसाला भरशील,’’ मिस्त्री म्हणाले. ‘‘घाटाला काय भरशील?’’

रोहन गेला आणि दुसरीकडे स्प्रिंगा कापून आला. तीन महिन्यांनी परत आला तेव्हा त्याचा एक शॉकअप तेल गाळत होता आणि वळताना टायर मडगार्डाला घासून करकर वाजत होता. मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे फटीत बोट घातले. जेमतेम एक गेले. मला वाटले, आता पूजा बांधणार. ते म्हणाले, ‘‘चल, कन्नडला जाऊन येऊ. मी चालवतो. तू मागं बस. वकीलसाहेब, तुमी पुढं.’’

गाडीचा मालक आपल्याच गाडीत मागच्या सीटवर कधी बसत नाही, हे माझ्या तोवर लक्षात आले नव्हते. शहर ओलांडेपर्यंत रोहन विनोद करत होता. दौलताबादच्या पुढे तो दोन्ही हातांनी सीट धरून होता. प्रत्येक गतिरोधकावर त्याचे डोके छताला लागे आणि मिस्त्री आरशात न बघता विचारत, ‘‘बरं वाटतंय ना?’’ वेरूळ आले तेव्हा मागून आवाज आला, ‘‘बस करा काका, पाठ गेली.’’

‘‘तुझी आई कुठं बसती रे?’’

रोहनने सीटवरचा एक हात काढून पाठ चोळली.

‘‘कुठं बसती?’’

‘‘मागं.’’

मिस्त्रींनी तरीही गाडी वळवली नाही. कन्नडपर्यंत नेली, स्टँडजवळ तिघांसाठी चहा सांगितला आणि त्याच वेगाने परत आणली. दुसऱ्या दिवशी रोहनच्या गाडीला कंपनीच्या चार नव्या स्प्रिंगा बसल्या.

इथे मिस्त्रींची दुसरी रीत सांगणे भाग आहे, कारण सगळा वाद तिच्यापाशी येऊन थांबतो. कापलेली स्प्रिंग काढली की ती ते मालकाला परत देत नसत. ही त्यांची अट होती आणि ती काम घेण्याआधीच सांगितली जाई. भंगारवाल्यालाही देत नसत. म्हणत, ‘‘भंगारातून उचलून हीच दुसऱ्याच्या गाडीत बसवतील.’’ प्रत्येक कापलेल्या स्प्रिंगेला ते तारेने पत्र्याचा तुकडा बांधत, त्यावर खिळ्याने गाडीचा नंबर कोरत आणि ती मागच्या खोलीत ठेवत. नंबर असलेल्या त्या पत्र्यांमुळेच खबरे असल्याची वावडी उठली असावी. मी एकदा विचारले की नंबर कशासाठी? ‘‘उद्या हाच मानूस म्हनाला की माझी कापलेली नव्हती, तर दाखवायला.’’ मंचातला आमचा प्रसंग ते विसरले नव्हते. ते पत्रे एकाही अधिकाऱ्याने कधी पाहिले नाहीत. मी पाहिले आहेत. खोली भरली की सगळा माल स्वतःच्या गाडीतून चिकलठाण्याला एका ओतकामाच्या भट्टीवर न्यायचा आणि शेवटची स्प्रिंग वितळेपर्यंत तिथून हलायचे नाही, असा त्यांचा नेम होता.

माझा स्वतःचाही एक गुन्हा या ओघात कबूल करतो. पत्नीचे गुडघे गेले आणि आमच्या उंच गाडीत तिला चढवेना. मी मिस्त्रींना म्हणालो, ‘‘माझ्यासाठी दोन बोटे खाली घ्या. हौस नाही, अडचण आहे.’’ त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला माझी सनद आठवली. दोन दिवसांनी ते घरी आले ते एक सागवानी पायरी घेऊन. तिला दोरी बांधलेली होती. पत्नीने पायरीवर पाऊल ठेवून गाडीत बसायचे आणि मग दोरीने पायरी आत ओढून घ्यायची. ‘‘वहिनी, चढून बघा,’’ ते म्हणाले, आणि ती चढली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘तुमच्यावानी मानसानं असं मागायचं नसतं.’’ पुढे पत्नी वारली. पायरी अजून गाडीत आहे.

पत्रक वाचल्यावर मी रोहनच्या दुकानात गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, पाया पडला. त्याच्या मनात मिस्त्रींबद्दल माया आहे, हे मी नाकारत नाही. म्हणूनच त्याचे खोटे अधिक घातक आहे.

‘‘हे काय छापलंस?’’

‘‘वकीलसाहेब, फोटो खोटा हाय का?’’

‘‘नाही.’’

‘‘मी सोता काढलाय तो. सकाळी गॅरेजवरून चाललो होतो. काका गाडीत बसायला निघाले होते. मागचं चाक पार आत गेलतं. आमाला आयुष्यभर नाय म्हनले अन् सोताची बसवली! मला तर लई भारी वाटलं. म्हनलं, म्हातारा आतून आपल्यातलाच निघाला.’’

‘‘डिकी उघडून बघितलीस?’’

‘‘डिकीचा काय संबंध?’’

त्या सकाळी मी तिथे होतो, आणि फोटोच्या चौकटीबाहेर दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मागची खोली भरली होती. आदल्या दिवशी मिस्त्रींनी मागची सीट काढून ठेवली होती आणि आम्ही दोघे मिळून डिकीपासून पुढच्या सीटपर्यंत स्प्रिंगा रचत होतो. त्यांनी प्रत्येक स्प्रिंग आधी वजनकाट्यावर ठेवली. मी हसलो. ते म्हणाले, ‘‘कंपनीनं पाच मानसं अन् त्यांचं सामान एवढाच भार लिवलाय. मी सोता एक. बाकीच्या चौघांचं वजन न्यायचं, जास्त नाय.’’ भार पुरा झाला तेव्हा बारा स्प्रिंगा उरल्या. त्या त्यांनी पुन्हा खोलीत नेऊन ठेवल्या. बेकायदा गाड्यांचे भंगार नेतानासुद्धा ज्याने भाराची मर्यादा ओलांडली नाही, त्याला हे लोक कायद्याला न भिणारा म्हणतात! त्या बारा स्प्रिंगा आजही गॅरेजात आहेत. ज्याला शंका असेल त्याने जावे आणि अंगठा फिरवून पाहावा.

मी रोहनला म्हणालो, ‘‘त्या डिकीत तुझ्याही चार होत्या. तुझ्या गाडीचा नंबर मी वाचला आहे.’’

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग तो सावरला. ‘‘तुमी वकील, साहेब. मेलेल्या मानसाबद्दल तुमी कायबी सिद्ध करनार. मी डोळ्यानं बघितलंय, गाडी खाली होती.’’

खाली होती. मी ते कुठे नाकारतो? मला आक्षेप आहे तो ‘कापली’ या शब्दाला.

मुख्याध्यापिकाबाईंना द्यायच्या उत्तराला माझे शपथपत्र जोडले आहे. त्यात विशेषणे नाहीत, आणि किसन मिस्त्री थोर होते असेही कुठे लिहिलेले नाही. त्या दिवसाची फक्त सकाळ आणि संध्याकाळ लिहिली आहे. सकाळी गाडी सुटण्याआधी मी सवयीने वाकलो होतो आणि मागच्या चाकावरच्या फटीत बोट घातले होते. संध्याकाळी ते भट्टीवरून परतले, तेव्हा मी गॅरेजच्या पायरीवर वाट बघत होतो. गाडी थांबली. अंगावर राख, पंचा आयुष्यात प्रथमच काळा झालेला. ते उतरले आणि गाडीला टेकून म्हणाले, ‘‘सगळ्या गेल्या. शेवटचीपरयंत उभा होतो.’’ मी पुन्हा वाकलो, तसे ते हसले. ‘‘बघा, वकीलसाहेब, बघा. तुमचा इश्वास नाय ना बसायचा बघितल्याबिगर.’’ त्यानंतर मी त्यांना उभे असलेले पाहिले नाही. पंधरवड्यात ते गेले.

कापलेली स्प्रिंग भार उतरवला म्हणून पुन्हा लांब होत नाही, हे रोहनला कळते, त्याच्या दुकानातल्या प्रत्येकाला कळते. तेव्हा आता वाद घालायचा असेल तर एवढ्याचाच घालावा: सकाळी त्या फटीत माझे एक बोट जात होते; संध्याकाळी, डिकी रिकामी झाल्यावर, त्याच फटीत चार गेली.